हजार वर्षांचा करार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ईशान्य किनाऱ्यावर बॉस्टन नावाचे एक जुने बंदर आहे. या शहराच्या नैर्ऋत्य भागात, शहरी आगगाडीच्या शेवटच्या स्थानकापासून थोड्या अंतरावर, २८१ एकरांचे एक विस्तीर्ण उद्यान पसरलेले आहे. त्याचे नाव अर्नॉल्ड वृक्षोद्यान. या उद्यानाला दगडी कुंपण आहे, प्रवेशद्वारे आहेत. पण कोठल्याही द्वारापाशी तिकिटाची खिडकी नाही. विद्वान असो वा मजूर, शहरचा असो वा परदेशचा, कोणीही यावे आणि मनसोक्त हिंडावे. वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांत उद्यान बंद असा एकही दिवस नाही. नियम एवढाच की, यावे ते सूर्योदयानंतर आणि परतावे ते सूर्यास्तापूर्वी.

हा नियम वाचावयास सोपा वाटतो. परंतु बॉस्टनमध्ये तो पाळणाऱ्याला ऋतूंचे भान ठेवावेच लागते. आपल्याकडे मुंबईत वर्षातील सर्वांत मोठा दिवस आणि सर्वांत लहान दिवस यांत सव्वादोन तासांचा फरक असतो. बॉस्टन विषुववृत्तापासून पुष्कळच दूर असल्याने तेथे हा फरक सहा तासांहूनही अधिक होतो. जूनमध्ये दिवस पंधरा तासांचा असतो आणि रात्रीचे आठ वाजून गेले तरी झाडांच्या शेंड्यांवर ऊन रेंगाळत असते. डिसेंबरात मात्र नऊ तासांतच दिवस आटोपतो. शाळा सुटून मुले उद्यानात पोचतात न पोचतात, तोच सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळूनही जातो.

उद्यान विनामूल्य आहे, याचा अर्थ ते कोणा धनिकाच्या किंवा सरकारच्या लहरीवर चालले आहे असा नव्हे. त्यामागे एक विलक्षण करार आहे. जेम्स अर्नॉल्ड हा न्यू बेडफर्ड या बंदरातील व्यापारी. देवमाशांच्या शिकारीच्या धंद्यात त्याने संपत्ती मिळविली. १८६८ साली तो निधन पावला, तेव्हा त्याने शेती व बागकाम यांच्या सुधारणेसाठी आपल्या मिळकतीचा एक भाग बाजूला काढून ठेवलेला होता. बेंजामिन बसी नावाच्या दुसऱ्या एका गृहस्थाने आपली शेतजमीन त्यापूर्वीच हार्वर्ड विद्यापीठाला दिलेली होती. एकाचा पैसा आणि दुसऱ्याची जमीन अशा रीतीने एकत्र आली, आणि १८७२ साली वृक्षोद्यानाची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी चार्ल्स स्प्रेग सार्जंट हे त्याचे पहिले संचालक नेमले गेले.

सार्जंटांच्या हाती आलेली जमीन पिके घेऊन निःसत्त्व झालेली होती आणि गुरांनी चरून तिचे रान उजाड केले होते. वार्षिक उत्पन्न तीन हजार डॉलरांच्याही आत. एवढ्या तुटपुंज्या पैशात रस्ते बांधावे की रोपे लावावी, असा पेच होता. सार्जंटांनी फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांच्याशी विचारविनिमय केला. ओल्मस्टेड हे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे एक रचनाकार. बॉस्टनसाठीही ते उद्यानांची एक मालिका योजीत होते. दोघांनी मिळून अशी तोड काढली की, विद्यापीठाने जमीन शहराला द्यावी आणि शहराने ती वृक्षोद्यानासाठी विद्यापीठाला परत भाडेपट्ट्याने द्यावी. रस्ते, कुंपण आणि पहारा ही जबाबदारी शहराची. झाडे लावणे आणि त्यांचा अभ्यास करणे हे काम विद्यापीठाचे. दोन्ही पक्षांची समजूत पटविण्यात अनेक वर्षे गेली. अखेर १८८२ साली करार झाला. भाडे वर्षाला एक डॉलर. मुदत एक हजार वर्षे! मुदत संपल्यावर आणखी एक हजार वर्षांसाठी करार वाढविण्याची सोयही त्यात आहे. म्हणजे पहिली मुदत २८८२ साली संपेल. ओक वृक्षाचे आयुष्य ज्यांना मोजायचे असते, त्यांना माणसांच्या दहा-वीस वर्षांच्या करारांचा उपयोग तो काय?

या उद्यानाला झाडांचे ग्रंथालय म्हटले तर वावगे होणार नाही. येथे सुमारे सोळा हजार वनस्पती आहेत, आणि बहुतेक सर्व वृक्ष, झुडपे व वेली या जातीच्या, म्हणजे लाकूड धरणाऱ्या. ग्रंथालयात विषयवार कपाटे असतात, त्याप्रमाणे सार्जंटांनी झाडे कुळाकुळाने लावली. मुख्य रस्त्याने चालत गेले की एक कूळ संपते व दुसरे सुरू होते. प्रत्येक वनस्पतीला धातूची छोटी पट्टी अडकविलेली असते. तिच्यावर झाडाचे शास्त्रीय नाव, कूळ, ते कोठून आले ती माहिती आणि एक क्रमांक असतो. हा क्रमांक फार महत्त्वाचा. तो घेऊन कार्यालयातील नोंदी पाहिल्या, म्हणजे बी कोणी, कोणत्या डोंगरावरून, कोणत्या साली आणले, हे शंभर वर्षांनंतरही सांगता येते. मरून गेलेल्या झाडाचा क्रमांक पुन्हा दुसऱ्या झाडाला दिला जात नाही.

ऋतूंचा फेरा कोठून मोजावा? आपण तो चैत्रापासून मोजतो. या उद्यानात मात्र तो भर हिमवर्षावातच सुरू झालेला आढळतो. फेब्रुवारी महिना म्हणजे बॉस्टनमध्ये कडाक्याची थंडी. पारा वारंवार शून्याखाली उतरतो, तळी गोठतात, वाटा बर्फाने झाकून जातात. अशा वेळी विच हेझल नावाचे झुडूप पिवळ्या फुलांनी बहरते. या फुलांच्या पाकळ्या दोऱ्यासारख्या बारीक असतात. थंडी वाढली की त्या आपोआप गुंडाळल्या जातात आणि ऊन पडले की पुन्हा उलगडतात. या झुडपाचा एक नामांकित वाण येथेच १९२८ साली पेरलेल्या बियांतून निपजला. त्याला ‘अर्नॉल्ड प्रॉमिस’ असे नाव आहे.

निष्पर्ण झाडांकडे पाहण्यासारखे काही नसते, असा पुष्कळांचा समज असतो. तो सर्वथा चुकीचा आहे. पाने असताना साल दिसत नाही; हिवाळ्यात ती दिसते. चीनमधून आलेल्या एका मेपल वृक्षाची साल दालचिनीच्या रंगाची असून तिचे कागदासारखे पापुद्रे सुटत असतात; मागून ऊन आले की ते पापुद्रे पेटल्यासारखे भासतात. फांदीच्या टोकाशी निरखून पाहावे, तर पुढच्या वर्षाची कळी तेथे खवल्यांच्या आवरणात निजलेली असते. ती आदल्या उन्हाळ्यातच तयार झालेली असते. जानेवारीत कधी कधी दोन-चार दिवस फसवी ऊब येते. परंतु कळी तिला सहसा भुलत नाही. पुरेशी थंडी सोसून झाल्याखेरीज ती उमलण्यास तयारच होत नाही.

एप्रिल उजाडतो तसे बर्फ वितळते, ओढा दुथडी वाहू लागतो आणि मॅग्नोलियाची झाडे पानांआधी फुलांनी भरून जातात. ही झाडे आपल्या सोनचाफ्याची सख्खी भावंडे होत. बॉस्टनच्या परिसरात आज अनेक मराठी कुटुंबे राहतात. पांढऱ्या-गुलाबी मॅग्नोलियाखाली उभे राहिल्यावर त्यांच्यापैकी कोणाला अंगणातला चाफा आठवला, तर त्यात नवल नाही. मात्र या फुलांचा भरवसा धरता येत नाही. फुले उमलल्यावर एखाद्या रात्री अवचित दहिवर गोठले, की सकाळी सारा बहर करपून तपकिरी झालेला दिसतो.

मे महिन्यात लायलॅक फुलतो. हे झुडूप जाई, मोगरा आणि पारिजातक यांच्याच कुळातील. सुगंधाचा वारसा त्यालाही मिळालेला आहे. उद्यानाच्या एका उतारावर लायलॅकची सुमारे चारशे झुडपे आहेत. पांढरा, गुलाबी, निळसर, जांभळा असे त्यांचे रंग. मे महिन्याचा दुसरा रविवार हा तेथे लायलॅकचा रविवार म्हणून पाळतात, आणि ही प्रथा १९०८ सालापासून चालत आली आहे. हजारो माणसे मुलाबाळांसह येतात. एरवी उद्यानात शिदोरी सोडून बसण्यास मनाई आहे. वर्षातून या एकाच दिवशी ती मुभा असते. हिरवळीवर चादरी अंथरून लोक जेवतात, मुले उतारावरून गडगडत खाली येतात, आणि जाणती माणसे मात्र झुडपाझुडपापाशी थांबून, नाक खुपसून, कोणत्या वाणाचा वास सरस यावर वाद घालतात.

हा रविवार ठरलेला आहे; फुलणे मात्र ठरलेले नाही. याविषयी एक अभ्यास मुद्दाम सांगण्यासारखा आहे. उद्यानातील झाडांच्या फुललेल्या डहाळ्या दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून ठेवण्याची पद्धत फार जुनी आहे. प्रत्येक कागदावर तारीख आणि झाडाचा क्रमांक लिहिलेला असतो. शंभर वर्षे हे कागद कपाटात पडून होते. रिचर्ड प्रिमॅक या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते बाहेर काढले आणि ज्या झाडांच्या त्या डहाळ्या होत्या, तीच जिवंत झाडे उद्यानात शोधून ती केव्हा फुलतात ते पाहिले. २००४ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. १९०० ते १९२० या काळात झाडे ज्या सुमारास फुलत, त्याहून १९८० ते २००२ या काळात ती सरासरी आठ दिवस आधी फुलत होती. शहराची हवा तापली आहे, हे झाडांनी आपल्या परीने सांगितले होते. वाळलेल्या डहाळीवर कोणीतरी नेमाने तारीख लिहून ठेवली, म्हणून ते वाचता आले.

या उद्यानातील अनेक झाडे फार दूरच्या देशांतून आलेली आहेत. ती आपल्या पायांनी आली नाहीत. ती आणणाऱ्यांना पायपीट करावी लागली. अर्नेस्ट हेन्री विल्सन हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध नाव. इंग्लंडमधील या तरुणाला एका रोपवाटिकेने १८९९ साली चीनला पाठविले. पांढऱ्या रुमालांसारख्या फुलोऱ्याचे डेव्हिडिया नावाचे दुर्मिळ झाड शोधून त्याचे बी आणावयाचे, एवढेच त्याचे काम. वाटेत तो या उद्यानात पाच दिवस राहिला व सार्जंटांना भेटला. चीनमध्ये एका जाणत्या वनस्पतिसंग्राहकाने त्याला वहीच्या अर्ध्या पानावर काढलेला नकाशा दिला. त्यात दाखविलेला मुलूख होता वीस हजार चौरस मैलांचा आणि झाडाची खूण होती एकच! महिनोन्‌महिने प्रवास करून १९०० च्या एप्रिलात विल्सन त्या जागी पोचला. तेथे एक नवे घर उभे होते आणि घराशेजारी एक बुंधा. झाड तोडून त्याच्या लाकडाने घर बांधले गेले होते. दुसरा एखादा तेथूनच माघारी फिरला असता. विल्सन शोधीत राहिला, आणि महिन्याभराच्या आतच दुसऱ्या ठिकाणी त्याला डेव्हिडियाची फुललेली झाडे सापडली.

पुढे सार्जंटांनी त्याला वृक्षोद्यानाच्या कामावर घेतले. १९१० साली तो चीनमधील मिन नदीच्या खोऱ्यातून परतत असताना दरड कोसळली आणि त्याचा पाय मोडला. छायाचित्रयंत्राच्या तिकाटण्याचे पाय काढून त्याच्या पायाला आधार बांधण्यात आला. वाट इतकी अरुंद होती की बाजूला सरकण्यास जागा नव्हती, आणि तेवढ्यात समोरून खेचरांचा तांडा आला. दरड पुन्हा कोसळण्याची भीती असल्याने थांबणेही शक्य नव्हते. विल्सन वाटेवर आडवा पडून राहिला आणि ओझी वाहणारी ती खेचरे एकामागून एक त्याच्या अंगावरून ओलांडून गेली. एकाही खुराचा त्याला धक्का लागला नाही. पाय बरा झाला. पण तो आखूड राहिला, आणि विल्सन जन्मभर लंगडत चालला. त्या सफरीत ज्या लिलीचे कंद गोळा करावयाचे होते, ते मात्र बॉस्टनला सुखरूप पोचले. आज ती लिली जगभरच्या बागांत फुलते.

उन्हाळ्याविषयी फारसे सांगण्याजोगे नाही. जून-जुलैत सारे उद्यान एकजात हिरवे होते, सावली दाट पडते आणि लोक झाडे पाहण्यापेक्षा सावलीत बसण्यासाठीच येतात. परंतु ऑगस्टच्या अखेरीस, इतर झुडपांचा बहर ओसरल्यावर, फ्रँकलिनिया फुलते. चहाच्या कुळातील हे झाड. पाच पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये पिवळ्याधमक केसरांचा झुबका. १७६५ साली जॉन बार्ट्रम आणि त्याचा मुलगा विल्यम यांना हे झाड जॉर्जिया प्रांतातील एका नदीकाठी दिसले. विल्यमने पुढे त्याचे बी फिलाडेल्फियाला नेऊन पेरले आणि बेंजामिन फ्रँकलिन यांच्या सन्मानार्थ त्याला नाव दिले. १८०३ नंतर ते रानात कोणालाही आढळलेले नाही. आज जगात जेथे जेथे फ्रँकलिनिया आहे, तेथे तेथे ती बार्ट्रम पितापुत्रांनी जोपासलेल्या झाडांचीच वंशज आहे. या उद्यानातील फ्रँकलिनियाची झाडे शंभरी ओलांडलेली आहेत. तिच्या फुलांखाली उभे असताना एक गोष्ट ध्यानात येते: हे झाड रानातून कायमचे नाहीसे झाले आहे, आणि तरीही ते समोर उभे आहे.

सप्टेंबर सरतो आणि पानांचा रंग पालटू लागतो. आपल्याकडे सागाची व पळसाची पाने गळतात ती पाण्याच्या टंचाईमुळे. कोरड्या महिन्यांत पानांवाटे उडून जाणारे पाणी झाड त्यायोगे वाचविते. बॉस्टनमधील कारणही काही अंशी तेच आहे, फक्त टंचाई वेगळ्या प्रकारची. जमीन गोठली म्हणजे मुळांना पाणी ओढता येत नाही. तेव्हा झाड आधीच आवराआवर करते. दिवस लहान होऊ लागले की पानातील हरितद्रव्याचे विघटन सुरू होते आणि त्यातील उपयुक्त अंश फांदीत परत घेतला जातो. हिरवा रंग ओसरला की पिवळा रंग दिसू लागतो. तो नव्याने आलेला नसतो. उन्हाळाभर तो पानातच हिरव्या रंगाखाली झाकलेला असतो. लाल रंगाची गोष्ट निराळी. तो मात्र पानातील साखरेपासून त्या सुमारास नव्याने तयार होतो. म्हणून ज्या वर्षी दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा असतो, त्या वर्षी मेपलची पाने कुंकवासारखी लाल होतात. अखेरीस देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार होऊन पान सुटते, आणि झाडावर उघडी जखम राहत नाही.

या दिवसांत उद्यानात एका ठिकाणी आल्यावर माणसे थबकून हवा हुंगू लागतात. जवळपास कोठे गुऱ्हाळ नसतानाही काकवी आटत असल्याचा गोड वास येतो. तो असतो कात्सुरा नावाच्या जपानी वृक्षाच्या गळालेल्या पानांचा. फुलांचा वास सर्वांना ठाऊक असतो. वाळत्या पानांचा असा वास क्वचितच अनुभवास येतो.

सूचिपर्णी वृक्ष सहसा पाने गाळीत नाहीत. म्हणूनच नोव्हेंबरात मेटासिक्वॉया नावाचा उंच वृक्ष तांबूस होऊन सारी पाने टाकून देतो, तेव्हा नवखा माणूस झाड मेले असेच समजतो. एके काळी शास्त्रज्ञांनीही या वंशाला मृतच मानले होते. १९४१ साली जपानी शास्त्रज्ञ शिगेरू मिकी यांनी केवळ जीवाश्मांवरून त्याचे वर्णन केले. खडकातील ठशांवाचून त्याचा दुसरा पुरावा नव्हता. त्याच सुमारास चीनच्या मध्यभागातील एका खेड्यात एक अनोळखी जिवंत वृक्ष आढळला, आणि काही वर्षांच्या अभ्यासानंतर चिनी वनस्पतिशास्त्रज्ञांच्या ध्यानात आले की, हा तोच जीवाश्मातला वृक्ष आहे. वृक्षोद्यानाच्या एल्मर मेरिल यांनी १९४७ साली बी गोळा करण्यासाठी अवघे अडीचशे डॉलर चीनला पाठविले. १९४८ च्या जानेवारीत बियांची पुडकी बॉस्टनला आली. मेरिल यांनी ती स्वतःपाशी ठेवली नाहीत. जगभरच्या उद्यानांना त्यांनी बी वाटून टाकले. चीनमधील रानात हा वृक्ष आजही धोक्यात आहे. परंतु त्या बियांपासून वाढलेली झाडे आता अनेक देशांत आभाळाला भिडली आहेत.

तथापि वृक्षोद्यानात आणून लावले की झाड वाचते, असे मात्र समजू नये. उद्यानाच्या एका खडकाळ चढावाला हेमलॉकची टेकडी म्हणतात. सॉक्रेटिसला दिलेले विष ज्या वनस्पतीचे, तिच्याशी या वृक्षाचे नावापुरतेच साम्य आहे; हा हेमलॉक निरुपद्रवी, सदाहरित, सूचिपर्णी वृक्ष आहे. हे रान कोणी लावलेले नाही. उद्यान होण्यापूर्वीपासून ते तेथे आहे. बेंजामिन बसीच्या हयातीतही लोक तेथे फिरावयास येत असत. हेमलॉकची सावली इतकी गडद की भर दुपारी तिच्याखाली संध्याकाळ वाटावी. २१ सप्टेंबर १९३८ रोजी आलेल्या चक्रीवादळाने उद्यानातील सुमारे पंधराशे झाडे पाडली. आधीच्या दिवसांत पाऊस पडून जमीन भुसभुशीत झालेली होती, त्यामुळे मोठाले वृक्ष मुळांसकट उपटले गेले. त्या आघातातूनही हे उद्यान सावरले.

१९९७ साली मात्र हेमलॉकवर निराळेच संकट आले. डहाळ्यांच्या खालच्या अंगाला कापसाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. तो होता एक सूक्ष्म कीटक, मूळचा आशिया खंडातील. पूर्व अमेरिकेत तो प्रथम व्हर्जिनिया प्रांतात १९५० च्या सुमारास आढळला होता, आणि वारा, पाखरे व माणसे यांच्याबरोबर पसरत तो बॉस्टनला पोचला. दीड मिलिमीटरही लांबी नसलेला हा जीव सुईसारख्या पानाच्या बुडाशी सोंड खुपसून रस शोषतो. लोकरीसारख्या आवरणाखाली तो अंडी घालतो. झाड हळूहळू वाळते आणि काही वर्षांत मरते. वादळात पडलेले झाड निदान सर्वांना दिसते. हे मरण फांदी उलटून पाहिल्याशिवाय दिसत नाही.

मग करावे काय? काहींना वाटले, रान आपले मरू द्यावे, निसर्गात असे होतच असते. उद्यानाने तसे केले नाही. पण सर्वच झाडे वाचवीन असा हट्टही धरला नाही. जी झाडे फारच खंगली होती ती काढून टाकली. जी वाचण्यासारखी होती त्यांच्यावर तेलाची फवारणी केली आणि औषधे दिली. टेकडीच्या पायथ्याशी ओढा वाहतो, तेव्हा औषध कोठे व किती मुरवावे याचाही विचार करावा लागला. मोकळ्या झालेल्या जागी ऊन पडले आणि तेथे बर्च वृक्षाची रोपे आपोआप उगवून आली. चिनी जातीच्या हेमलॉकला या कीटकाचा उपद्रव होत नाही, हे येथील प्रयोगांत दिसून आले. म्हणून त्या जातीची रोपेही लावण्यात आली. ती वाढून टेकडीवर पूर्वीसारखी गडद सावली पडेल, तेव्हा ती लावणारे हात नसतील.

कडक थंडी या कीटकाला मानवत नाही. पारा फार खाली गेला की त्यांपैकी पुष्कळ मरतात. हिवाळा सौम्य झाला की ते वाढतात, आणि बॉस्टनचे हिवाळे पूर्वीपेक्षा सौम्य होत चालले आहेत. त्यामुळे ज्या रात्री शहरातील माणसे गारठ्याने त्रासलेली असतात, तीच रात्र टेकडीवरील हेमलॉकला उपकारक ठरते. अशा रात्रीनंतर बर्फ तुडवीत टेकडी चढावी, एखादी लवलेली डहाळी हाती धरून उलटी करावी आणि पानांच्या बुडाशी पांढरे ठिपके किती आहेत ते मोजावे. मग खोडावरील पट्टीचा क्रमांक पाहून तो आकडा तारखेसह वहीत लिहावा, आणि पुढच्या झाडाकडे वळावे.